खिडकीवरचं नाव

खिडकी म्हटलं की बाहेरच्या माणसाला घराची खिडकी आठवते. चंद्रपूरच्या माणसाला परकोट आठवतो. गोंडराजांच्या काळचा दगडी कोट शहराभोवती आहे. त्याला चार मोठे दरवाजे आणि पाच लहान. लहान दरवाजांना आम्ही खिडक्या म्हणतो. बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, मसान खिडकी, चोर खिडकी. त्यातून माणूस चालत जातो, सायकल जाते, बकरी जाते. 'तो खिडकीतून बाहेर गेला' असं कुणी सांगितलं तर आमच्याकडे कुणी दवाखान्याकडे धावत नाही.

हे आधी सांगून ठेवलं, कारण जलालुद्दीन कलईवाल्याची गोष्ट या एका शब्दाभोवती फिरते.

मी सोमाजी, गवंडी. गुडघे गेले तेव्हा काम सोडलं. जलालभाई माझ्याच वयाचा, पण त्याचा भाता अजून चालू आहे. पठाणपुऱ्यात त्याचं दोन खोल्यांचं घर आणि समोर अंगण. अंगणात जमिनीत खड्डा, खड्ड्यात कोळसा. हॉटेलवाल्यांच्या डेगा, लग्नघरचे गंज म्हणजे मोठाली पातेली, कुणाच्या आजीचा तांब्या, येईल त्या भांड्याला तो कलई करतो. आता असा माणूस गावात दुसरा नाही.

मी त्याला मानलं ते त्याच्या कामामुळे. लोकांना वाटतं कलई म्हणजे भांडं तापवलं आणि पुसलं. तसं नाही. सगळी मेहनत आधीची असते. तो मोठ्या गंजात उभा राहतो, पायाखाली चिंधी आणि वाळू घेतो, भिंतीला हात टेकवतो आणि कमरेतून इकडून तिकडे फिरत राहतो. पितळ उघडं पडेपर्यंत फिरतो. पाहणारा कंटाळून निघून जातो. मग भट्टी. भांडं किती तापलं ते तो वासावरून ओळखतो. नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी एकदा टेकवली की कापसाच्या बोळ्यानं एका फिरकीत सगळीकडे. कथील जास्त झालं तर थेंब लोंबतात. कमी पडलं तर तांबूस डाग राहतो, त्याला तो 'डोळा' म्हणतो. त्याच्या भांड्यात मी डोळा कधी पाहिला नव्हता. भांडं पाण्यात बुडवून काढलं की तो आत बघून आपली दाढी नीट करतो. दाढी साफ दिसली तर काम झालं.

त्याचा बाप मुबीन हाही कलईवालाच. चंद्रपुरातलाच, तेव्हाच्या चांद्यातला. जलालभाई नीट बोलायला लागायच्या आत तो वारला. आई त्याला घेऊन मूल गावी भावाकडे गेली. तिथं भातगिरण्यांच्या कोंड्यात तो मोठा झाला आणि मामाच्या भात्यावर बसला. जवान झाला तेव्हा सायकलला भाता बांधून मूल, सिंदेवाही, पुढे ब्रह्मपुरीपर्यंत फिरला. लग्न झालं तेव्हा बायकोनं, सईदाभाभीनं, शहरात राहायचं म्हटलं, म्हणून तो चंद्रपूरला परत आला. तोवर आई गेली होती.

आईनं त्याला एक वाक्य देऊन ठेवलं होतं. शाळेत पोरं बिनबापाचा म्हणून चिडवायची आणि तो रडत घरी यायचा, तेव्हा ती म्हणायची, "चांद्यात खिडकीवर तुझ्या अब्बाचं नाव लिहिलं आहे. कोणासमोर मान खाली घालायची नाई."

चंद्रपूरला आल्यावर जलालभाईनं पाहिलं की इथं खिडक्या म्हणजे परकोटाच्या. एवढ्या मोठ्या दगडी कोटावर बापाचं नाव. त्यानं हे टपरीवर सांगितलं, आणि पुढं आयुष्यभर ऐकून घेतलं.

टपरी जटपुरा गेटच्या आतल्या बाजूला. तिथं ऑटोवाला कुलदीप बसतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता तो एक टोमणा मारल्याशिवाय राहायचा नाही. कधी म्हणायचा की राजानं कोट बांधायच्या आधी मुबीनमियाँला विचारलं होतं म्हणे. कधी म्हणायचा की परकोट आधी पितळी होता, जलालभाईच्या बापानं कलई केली म्हणून दगडी दिसतो. जलालभाई चहा संपवायचा आणि उठायचा. भांडायचा नाही. पण नाव आहे हे म्हणणंही सोडायचा नाही.

एकदा मी त्याला सरळ विचारलं की कलईवाल्याचं नाव कोटावर कोण आणि कशाला कोरेल. तो म्हणाला, "मले काय माहीत. अब्बाचा फोटो नाई. कबर कोणती ते पक्कं नाई. त्याच्या हातचं एक भांडं घरात नाई. नाव आहे म्हणते, तं तेवढं तरी पाहून घेतो."

तेव्हापासून त्याच्याबरोबर मीही जाऊ लागलो. पाऊस सरला आणि झाडोरा वाळला की दरवर्षी एक खिडकी घ्यायची. दगडातला पिंपळ ओढून निघत नाही, मूळ खरवडावं लागतं. शेवाळ वाळलं की दगडाला चिकटून बसतं, ते आधी भिजवायचं. मग दगड न् दगड बघायचा. कमानीवर कुठं सिंह दिसला, कुठं हत्ती दिसला. एके ठिकाणी कुणी दगडफोड्यानं मारलेली खूण मिळाली. मुबीन कुठं नव्हता. पाचही खिडक्या झाल्या, मग पहिल्यापासून पुन्हा झाल्या. परकोट साफ करायला शहरातली दुसरी मंडळीही यायची. त्यांना वाटायचं हे दोघे म्हातारे मोठे इतिहासप्रेमी आहेत.

सईदाभाभीचं म्हणणं वेगळं होतं. ती मला म्हणाली होती, "भाऊ, यांच्या अब्बाचं नाव तं भेटलं नाई, पण माझ्या घरचे सारे विळे त्या खिडक्यांनी खाल्ले."

ते खरं होतं. तो विळा दगडावर ठेवायचा आणि विसरून यायचा.

गेल्या वर्षी माझे गुडघे फारच बोलू लागले. मी त्याला म्हटलं, आता पुरे. त्या वर्षी आम्ही गेलो नाही.

यंदा दिवाळीनंतर लोकेशनं मला बोलावलं. लोकेशच्या आजोबांची गोल बाजाराच्या मागच्या गल्लीत दुमजली इमारत आहे. वर घर, खाली गोदाम. त्याला खाली मोबाइलचं दुकान काढायचं होतं. गल्लीकडची भिंत फोडून मोठं शटर बसवायचं, सोमवारी ठेकेदाराची माणसं येणार, त्याआधी जुन्या माणसानं भिंत बघून द्यावी असं त्याचं म्हणणं. तो शनिवार होता.

मी भिंतीवर बोटाची पेरं मारत गेलो. विटा आणि चुना, हातभर जाडीची भिंत. मधे मात्र आवाज बदलला. तिथं पोकळ वाजत होतं. गिलावा थोडा काढून पाहिला तर आतली वीट वेगळी, माती वेगळी. म्हणजे तिथं पूर्वी भोक होतं आणि नंतर कुणीतरी बुजवलं होतं. बुजवणाऱ्यानं विटांचा सांधासुद्धा जुळवला नव्हता. असं काम मी माझ्या हाताखालच्या माणसाला पुन्हा करायला लावलं असतं. लोकेशला सांगितलं की पहिला घण इथंच मार, मेहनत वाचेल.

तेवढ्यात गल्लीत एक म्हातारा आला. खांद्यावर पोत्यात बांधलेला मोठा गंज, बरोबर पांढऱ्या कपड्यांतली एक पोरगी. तो थेट चालत आला आणि त्या पोकळ भिंतीसमोर उभा राहिला. भिंतीकडे बघितलं, मग गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं, मग पुन्हा भिंतीकडे. मग हात जोडून जोहार केला आणि विचारलं, "कलईवाला कुठी गेला?"

लोकेश म्हणाला की इथं कलईवाला कधीच नव्हता. म्हातारा मान हलवत राहिला. पोरीनं सांगितलं की ती दिव्या, इथं नर्सिंग शिकते, आणि हे तिचे आजोबा लालसू. गाव एटापल्लीच्या पलीकडे. गावच्या जेवणाचा गंज काळा पडला होता. तिकडे आता कलई करणारा कुणी नाही. आजोबा म्हणाले, मला चांद्यातली जागा माहीत आहे. लहान असताना ते बापाबरोबर बैलगाडीनं इथं आले होते. पोरगी त्यांना समजावून थकली होती की इतक्या वर्षांनी तिथं कुणी नसेल.

"इथीच होता," लालसू म्हणाला. "इथी खिडकी होती. आतमंधी तो बसे, आपण बाहेरून भांडं द्याचं. वर भिंतीवर रंगानं गंज काढला होता. गंजात केळं."

लोकेश हसला. मी हसलो नाही. माझ्या कानात एकच शब्द अडकला होता. मी भिंतीकडे पाहिलं. बुजवलेलं भोक कमरेच्या उंचीपासून सुरू होत होतं. दार नव्हतं ते. खिडकी होती. साधी, घराची असते तशी.

मी जलालभाईला फोन लावला. म्हटलं, "तुमची खिडकी इथी आहे वाटते."

"कोणती? बगड का मसान?"

"दुकानाची."

तिकडं फोन कुठंतरी आपटला. मला वाटलं फोन कटला. मग सईदाभाभीचा आवाज आला, की काय सांगितलं भाऊ तुम्ही, हे चप्पल न घालताच सायकलवर निघाले.

तो आला तेव्हा मी काम सुरू केलं होतं. खिडकीच्या चौकटीवरचा सागवानी पाट गिलाव्याखाली हाताला लागला. त्याच्या वरची दोन हात जागा मोकळी करायची होती. चुन्याचे थर घाईनं काढले तर खालचं सगळं घेऊन येतात. आधी पाणी शिंपडायचं, थर फुगेपर्यंत थांबायचं, मग पातळ पात्यानं आडवं सरकायचं. गवंड्याची करणी जाड पडते म्हणून टपरीवरून डोसा उलटायचं उलथनं आणवलं. सगळ्यात वर पिवळा तैलरंग होता, तो पापुद्र्यांनी गेला. खाली गुलाबी चुना, त्याखाली हिरवट, त्याखाली नुसता पांढरा, एकावर एक, दरवर्षीच्या दिवाळीचा. जलालभाईनं उलथनं मागितलं. मी दिलं नाही. त्याला घाई झाली होती, आणि ज्याला घाई असते त्यानं चुना खरवडू नये.

उलथनं आणायला गेलेला माणूस टपरीवर बातमी ठेवून आला होता. कुलदीप ऑटो गल्लीत आडवा लावून बघत उभा राहिला. त्याच्यामागे आणखी लोक.

दुपार कलली तेव्हा निळं दिसलं. कपड्याला घालतात त्या निळीचा रंग. आधी एक गोल काठ निघाला, मग पोट. गंज. गंजाच्या तोंडात वाकडं, पिवळं, दोन टोकांचं काहीतरी.

"केळं," लालसू शांतपणे म्हणाला. त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं.

जलालभाई जवळ गेला, मागे आला, पुन्हा जवळ गेला. मग म्हणाला की कलईवाला केळं कशाला काढेल. हा चांद आहे. कलई केलेल्या भांड्यात चांद दिसतो असं सांगायचं असेल. आणि गावाचं नावही चांदाच. लालसूनं ऐकून घेतलं, पण ऐकलं नाही. तो म्हणाला, त्याचा बाप दरवेळी इथं त्याला केळं घेऊन द्यायचा, कारण तो या चित्राकडे बघून रडायचा. चांदासाठी कोणतं पोरगं रडते?

चित्राखाली अक्षरं होती. उजवीकडून काढत गेलो. 'कलईवाला' स्वच्छ निघालं. त्याच्या डावीकडे 'न'. त्याच्या आधी दीर्घ वेलांटीचं एक अक्षर. आणि तिथं येऊन उलथनं थांबलं. पुढं विजेचं जुनं मीटर होतं, लाकडी फळीवर बसवलेलं, भिंतीत ठोकलेलं, सील लावलेलं.

जलालभाईनं वाचलं, "बीन कलईवाला." आणि वळून सगळ्यांकडे पाहिलं. "मु फळीखाली आहे. मुबीन."

कुलदीप म्हणाला, "बीन? म्हणजे तुमचे अब्बा गारुडी होते काय? बीन वाजवून कलई करत?"

लोक हसले. जलालभाईही हसला असता, पण कुलदीप पुढं झाला, मान वाकडी करून बघत राहिला आणि या वेळी मस्करी न करता म्हणाला, "जलालभाई, हा ब नाई. व आहे. पोटात रेघ कुठी आहे? वीन. नवीन कलईवाला."

मी पाणी शिंपडून पुन्हा पाहिलं. अक्षराच्या पोटात रेघ होती असं म्हटलं तर होती. चुन्याची चीर आहे असं म्हटलं तर चीर होती. माझ्या उलथन्यानंच रेघ गेली असेल तर तेही सांगता येत नव्हतं. नवीन कलईवाला. कुणीही आपल्या दुकानावर लिहील. लालसूला विचारलं, कलईवाल्याचं नाव काय होतं? तो म्हणाला, "आमी त्याले कलईवालाच म्हणो."

कुलदीपला वाईट वाटलं असावं, कारण त्यानं त्या दिवशी खर्रा न घोटताच ऑटो काढला.

फळी काढली की प्रश्न मिटणार होता. पण लोकेश सीलला हात लावू देईना. मीटर बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, तरी सील ते सील, ते वीजवाल्यांनीच काढायला हवं. हे त्याचं बरोबर होतं. त्यानं तिथल्या तिथं फोन केला. माणूस सोमवारी सकाळी येईल असं उत्तर मिळालं. सोमवारी सकाळी ठेकेदारही येणार होता. शटरच्या नकाशात ती सगळी भिंत फुटणार होती, नाव असो की नसो.

लालसूनं गंज जलालभाईच्या अंगणात उतरवला आणि सांगून टाकलं की फळी निघाल्याशिवाय तो गावाला जाणार नाही. दिव्या हॉस्टेलवर गेली. तो पठाणपुऱ्यातच राहिला. सईदाभाभीनं दोघांना जेवायला घातलं. दोघं जेवताना चांद की केळं यावरच बोलत होते म्हणे.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा भाभीनं मला दारातच थांबवलं आणि हळूच सांगितलं की यांनी काल संध्याकाळी लालसूभाऊच्या गंजाला कलई केली. डोळा राहिला. एक नाही, अनेक.

मी अंगणात जाऊन पाहिलं. गंज आडवा पडला होता. जलालभाई भट्टीशी बसला होता, भट्टी पेटवलेली नव्हती. भांड्यातला डोळा बघूनच कळत होतं की माणसाचं मन कुठं आहे.

भाभी चहा घेऊन आली आणि तिनं विचारायचं ते विचारून टाकलं. "आणि नवीन निघालं तं?"

त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "नवीन निघालं तं काय. उद्यापासून मी नवीन कलईवाला. या वयात कोण होते नवीन?"

ती हसली. तोही हसला. पण चहा थंड झाला तरी कप त्याच्या हातातच होता.

सोमवारी ठेकेदार आधी आला. तीन माणसं, घण, पहार. वीजवाला आला नव्हता. लोकेश दाराशी येरझारा घालत होता. ठेकेदारानं विचारलं, सुरू करू? लोकेशनं त्याच्याकडे पाहिलं, मग जलालभाईकडे पाहिलं. जलालभाई पांढरा कुर्ता घालून आला होता, ईदचा. पायात या वेळी चप्पल होती. लोकेशनं ठेकेदाराच्या माणसांसाठी चहा सांगितला. चहा झाल्यावर पोहे सांगितले. पोहे झाल्यावर ठेकेदार हसला आणि म्हणाला, अजून काय काय खाऊ घालणार आहात, सांगून ठेवा.

वीजवाला आला. सील कापलं, मीटर काढलं, कागदावर लोकेशची सही घेतली. फळी राहिली. ती चार मोठ्या खिळ्यांवर होती, खिळे गंजलेले. ठेकेदाराचा माणूस पहार घेऊन आला तेव्हा मी त्याला बाजूला केलं. पहारीनं फळी निघते, पण गिलावा बरोबर घेऊन निघते. खिळ्याच्या डोक्याभोवतीचं लाकूड छन्नीनं खोदलं, डोकी मोकळी केली, आणि फळी खिळ्यांवरून सरळ बाहेर ओढली. खिळे भिंतीतच राहू दिले. वेळ लागला. गुडघ्यांनी शिव्या दिल्या.

फळीमागे पालीची अंडी होती, कोळ्याचं जाळं होतं, आणि चुन्याचा एकही हात नव्हता. फळी बसवली ती नावावर पहिला चुना चढला त्या दिवाळीच्याही आधी. त्यामुळे तेवढी जागा जशीच्या तशी राहिली होती. निळा रंग काल लावल्यासारखा. एकच अक्षर. मु.

शेजारच्या ब चं अर्धं पोटही फळीखाली होतं, आणि त्या अर्ध्यात रेघ ठळक होती.

जलालभाई पुढं झाला. हात वर गेला. मी म्हटलं, हात लावू नका, भुकटी होऊन पडन. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले, एकात एक धरून ठेवले आणि बघत राहिला.

मग तो न वळताच म्हणाला, "कुलदीप. मोठ्यानं वाच."

कुलदीपनं वाचलं, "मुबीन कलईवाला."

"गेटपर्यंत ऐकू आलं नाई."

कुलदीपनं छाती भरून घेतली आणि असं ओरडला की वरच्या मजल्यावर लोकेशची आई खिडकीत आली. ही खिडकी साधी. लोक हसले. जलालभाई सगळ्यांत जास्त हसला आणि मग कुर्त्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

आता भिंतीचा प्रश्न होता. लोकेश डोकं खाजवत उभा होता. तो माणूस चांगला, पण दुकान त्यालाही काढायचं होतं. मी त्याला सांगितलं की नाव पाटाच्या वर आहे, तुझं शटर पाटाच्या खाली बसेल. वीतभर उंची कमी कर. पाटाखाली आडवा गर्डर घालू. घालताना वरची भिंत टेकूवर धरावी लागेल, एकेक भोक पाडून, घाई न करता. ठेकेदाराच्या माणसांना मेहनत दुप्पट पडेल. ठेकेदार म्हणाला, पोहे खाल्ले आहेत, आता नाही कसं म्हणू.

"मंग माझी पाटी कुठी लावू?" लोकेशनं विचारलं.

"बाजूनं लाव," जलालभाई म्हणाला. "पोरा, या खिडकीवर आधीच एकाचं दुकान आहे."

लोकेशनं मान्य केलं, पण एक अट घातली. दुकान उघडेल त्या दिवशी जलालभाईनं भट्टी इथं, या नावाखाली लावायची. मोबाइलच्या दुकानासमोर कलई म्हटलं की गर्दी जमेल. जलालभाईनं विचार करायचं नाटक केलं आणि हो म्हटलं.

पण लालसू तेवढे दिवस थांबू शकत नव्हता. म्हणून पहिली भट्टी त्याच दुपारी लागली, विटांच्या ढिगाऱ्याशेजारी, दोन विटांवर भाता टेकवून. ठेकेदाराच्या माणसांनी घण बाजूला ठेवले आणि बघत बसले. जलालभाई गंजात उभा राहिला आणि फिरू लागला. घासून घासून सगळे डोळे काढले. लालसू भिंतीला पाठ लावून बसला होता. मधेच कुलदीप बाजारात जाऊन आला आणि त्याच्या हातात एक केळं ठेवलं. लालसूनं वर चित्राकडे पाहिलं, केळ्याकडे पाहिलं, सोललं आणि खाल्लं. चांद आहे हे त्यानं शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

गंज पाण्यातून निघाला. जलालभाईनं आत बघून दाढी नीट केली. मग गंज उचलून असा तिरपा धरला की आत भिंतीवरचं नाव उमटलं, उलटं, निळं. मला बोलावून दाखवलं. डोळा एकही नव्हता.

दुकान आता चालू आहे. शटर वीतभर बुटकं आहे, उंच गिऱ्हाईक वाकून आत जातं. नावावर मी काही लावू दिलं नाही, फक्त वर पत्र्याचा एक छज्जा घातला, पाऊस लागू नये म्हणून. टपरीवर परकोटाची चर्चा बंद झाली. कुलदीपला नवा विषय शोधावा लागला आणि तो त्यानं माझ्या गुडघ्यांत शोधला.

मला वाटलं होतं की खिडक्यांची कटकट संपली. पण याच थंडीत एका सकाळी जलालभाई दारात हजर. हातात नवा विळा. मी म्हटलं, आता कायले? तो म्हणाला, झाडोरा वाढला असंन. एवढी वर्षं काढला, आता सोडायचा कसा?

भाभीनं विळ्याला लांब लाल चिंधी बांधून दिली होती, विसरू नये म्हणून. आम्ही बगड खिडकीला गेलो. मी बसून मुळं खरवडली, त्यानं उभ्यानं गवत कापलं. बाहेरगावचे दोघे-तिघे कोट बघायला आले होते. त्यांनी दोन म्हाताऱ्यांना घाम गाळताना पाहिलं आणि अदबीनं विचारलं की इथं काही ऐतिहासिक आहे का, काही लिहिलेलं वगैरे.

जलालभाईनं कंबर सरळ केली आणि दाढीवरून हात फिरवला.

"नाई," तो ऐटीत म्हणाला. "या खिडकीवर माझ्या बापाचं नाव नाई. ते बाजारात आहे. चला, दाखवतो."

आणि त्यांना घेऊन निघाला. विळा दगडावरच राहिला, लाल चिंधीसकट. तो मी आणला.